निम्मी चांदी

माझ्या लॅपटॉपमध्ये ‘चांदी_फायनल_३’ नावाची एक एक्सेल शीट आहे. तिच्यात ४१ ओळी आहेत. नाण्याचं नाव, साल, वजन, शुद्धता, घेतल्याची तारीख, मोजलेली किंमत आणि शेवटी ‘आजची किंमत’. या शेवटच्या रकान्याची बेरीज मी कित्येक रात्री झोपण्याआधी बघितली आहे. आकडा हिरवा असायचा, वाढत असायचा आणि मला शांत झोप लागायची.

त्या रकान्यात एक बग होता. मी तिथे विकणाऱ्यांनी मागितलेले भाव भरत होतो. कुणी ७५ रुपयांचं नाणं नऊ हजारांना विकायला ठेवलेलं दिसलं, की माझ्याही नाण्यासमोर नऊ हजार. ते नाणं त्या भावाला कुणी घेतलं का, हे मी कधी बघितलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढून पगार घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या शीटमधली ही चूक चार वर्षं दिसली नाही. दिसावी अशी इच्छाच नव्हती, हे जास्त खरं.

*

सुरुवात २०२१ मध्ये झाली. वर्क फ्रॉम होम चालू होतं, मी इचलकरंजीला घरीच होतो. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट आणि आत हेडफोन लावून माझ्या मीटिंगा. नोकरीला दोन वर्षं झाली होती, खर्च काहीच नव्हता आणि खात्यात पहिल्यांदाच ‘उरलेले’ पैसे दिसत होते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणी क्रिप्टो घेत होतं, कुणी आयपीओत अर्ज टाकत होतं, एकाने तर माकडाचं चित्र घ्यायचा बेत केला होता. मला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

तेव्हा मला भारत सरकारची स्मारक नाणी सापडली. आपल्याकडे पहिलं स्मारक नाणं निघालं १९६४ मध्ये, नेहरूंच्या निधनानंतर. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचं चांदीचं नाणं आलं : १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. पुढे कधी ५०, कधी १००, कधी १५० रुपयांची नाणी निघत राहिली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० सालचं चक्क एक हजार रुपयांचं नाणं आहे. ही नाणी तुमच्या-माझ्या खिशात येत नाहीत. टांकसाळीकडे बुकिंग करायचं, छापील रकमेपेक्षा बरेच जास्त पैसे भरायचे आणि पेटीतून नाणं घरी येतं.

त्यातली ‘प्रूफ’ नाणी मी पहिल्यांदा बघितली आणि संपलोच. कोरी चकती आधी आरशासारखी पॉलिश करतात, ठसाही पॉलिश करतात आणि मग एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात. त्यामुळे मागची जमीन काचेसारखी चमकते आणि वरचं चित्र दुधाळ, धुक्यातून वर आल्यासारखं दिसतं. असं नाणं दिव्याखाली जरा तिरकं केलं की जमीन एकदम काळी होते आणि चित्र उजळतं. मी स्क्रीनसमोर दहा तास बसणारा माणूस. ती चमक बघताना मला जे वाटायचं त्याला मराठीत साधा शब्द आहे : आवड.

पण आवड म्हणून आठ हजार रुपये खर्च करायला माझ्याकडे परवानगी नव्हती. कुणी नाकारली नव्हती, पण नव्हतीच. वडिलांनी आयुष्यभर माग चालवले. आमच्या घरात खर्चाचे दोनच प्रकार : गरजेचा आणि उधळपट्टीचा. मग मी तिसरा रकाना उघडला, ‘गुंतवणूक’. आई विचारायची, “हे काय परत पार्सल?” मी सांगायचो, “गुंतवणूक आहे.” पार्सल लगेच पवित्र व्हायचं.

हळूहळू मला सगळे नियम पाठ झाले. नाणं नेहमी कडेने धरायचं, बोट पृष्ठभागाला लावायचं नाही. सुती हातमोजे घालायचे. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवायचं नाही, त्याने हिरवट चिकटा धरतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. आणि सगळ्यांत मोठा नियम : नाणं काळं पडलं तरी कधीही घासायचं नाही. काळेपणासकट नाणं विकलं जातं, पण घासलेल्या नाण्याकडे संग्राहक ढुंकून बघत नाही.

सरकारी नाण्यांवरून मी खासगी कंपन्यांच्या ‘लिमिटेड एडिशन’वर गेलो. ३१.१ ग्रॅम, ९९.९ टक्के शुद्ध, वर रंगीत छपाई, लाकडी पेटी, सोबत प्रमाणपत्र. ‘जगभरात फक्त १०००. तुमचा क्रमांक ४१२.’ हे पहिलं नाणं मी २०२२ मध्ये ६,८०० रुपयांना घेतलं. त्या वेळी चांदी किलोला साधारण ६२ हजार होती, म्हणजे त्यातली चांदी दोन हजारांचीही नव्हती. हे गणित मला येत होतं. पण ‘फक्त १०००’ या दोन शब्दांपुढे ते करावंसं वाटलं नाही.

*

२०२३ ची दिवाळी. मी पुण्याहून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी घरी पोहोचलो. माझी पेटी घरीच कपाटात असायची, कारण पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटपेक्षा ते सुरक्षित वाटायचं. संध्याकाळी आईने पाट मांडला. लाह्या, बत्तासे, केरसुणी, वहीवर काढलेलं स्वस्तिक. ताटात तिच्या माहेरचे दोन बंदे रुपये आणि मध्यभागी माझं नाणं.

नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं. त्याच वर्षी मे महिन्यात निघालेलं, ४४ मिलिमीटर रुंद, ३५ ग्रॅम वजनाचं. कॅप्सूलमधून बाहेर काढलेलं. हळदकुंकू लावलेलं. आणि लखलख करणारं, पण ती चमक चुकीची होती. दुधाळ चित्र आणि काळी जमीन असा फरकच राहिला नव्हता. सगळं नाणं एकसारखं, नव्या वाटीसारखं चकचकीत झालं होतं.

“हे घासलंस?”

“कडेला जरा काळं पडलं होतं रे,” आई म्हणाली. “दंतमंजनाने घासलं. बघ कसं झालंय.”

ती खूश होती. वर्षातून एकदा लक्ष्मीसमोर ठेवायचं म्हणून तिने मुलाच्या पेटीतलं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत चांगलं नाणं निवडलं होतं.

मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. “तुला विचारायला काय झालं होतं,” इथून सुरू झालं आणि “तुला कळतं का याची किंमत काय आहे,” इथे संपलं. पप्पा दारात उभे होते. ते काही म्हणाले नाहीत. आईने ते नाणं ताटातून उचललं, पदराने हळदकुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पुसताना ते आणखी घासलं जातंय, हेही मला तेव्हा दिसलं.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला, ताटात फक्त तिचे दोन बंदे रुपये होते. माझ्या पेटीला तिने हात लावला नाही. मीही “ठेव ना एखादं” म्हणालो नाही. मला वाटलं, बरं झालं, तिला नियम कळला.

*

जून २०२५ मध्ये माझी नोकरी गेली. आमच्या टीममधल्या नऊ जणांची एका शुक्रवारी गेली. दोन महिन्यांचा पगार हातात आला. मी बऱ्यापैकी शांत होतो, कारण शीटमधला शेवटचा रकाना सात लाखांच्या पुढे होता.

एक गोष्ट मात्र होती. आदल्या वर्षी पप्पांनी जुने साधे माग काढून सेकंडहँड रॅपियर माग घेतले होते. त्याच्या कर्जाचा २२ हजारांचा हप्ता मी भरत होतो. त्यांनी मागितला नव्हता, मीच म्हणालो होतो. नोकरी गेल्याचं सांगताना मी त्यांना शब्द दिला, “हप्त्याची काळजी करू नका. माझ्याकडे गुंतवणूक आहे.”

त्यातच चांदीने उसळी घेतली. मार्च २०२० मध्ये किलोला ४० हजारांच्या खाली गेलेली चांदी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दीड लाखाच्या वर होती. बाजारात प्रत्यक्ष चांदीची इतकी टंचाई झाली की काही फंड कंपन्यांनी सिल्व्हर ईटीएफवर चालणाऱ्या योजनांमध्ये नवी एकरकमी गुंतवणूक घेणं काही काळ थांबवलं. रोज बातम्यांमध्ये चांदी. मित्रांचे मेसेज, “भाई, तू तर मालामाल.” मलाही तसंच वाटत होतं. मी पेटी उचलली आणि पुण्यातल्या एका नाणे व्यापाऱ्याकडे गेलो.

तो माणूस चांगला होता. चहा सांगितला. प्रत्येक नाणं दिव्याखाली धरून बघितलं. खासगी कंपनीची आठ नाणी त्याने न उघडताच एका बाजूला सारली. संसदेचं नाणं हातात घेऊन विचारलं, “हे घासलंय का?” मग सगळ्या ४१ चा मिळून एक आकडा सांगितला : २ लाख ३५ हजार.

मी त्यात ३ लाख ८६ हजार घातले होते.

“पण चांदी दुपटीच्या वर गेलीय,” मी म्हणालो.

“चांदी गेलीय,” तो म्हणाला. “तुमच्याकडे चांदी कुठं आहे फारशी?”

त्या रात्री मी शीट पहिल्यांदा नीट लिहिली. वजन गुणिले शुद्धता गुणिले भाव. मीच इतके दिवस टाळलेलं गणित तुम्हीही बघा, कारण त्यातच सगळं आहे.

संसदेचं नाणं ३५ ग्रॅमचं. त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. मला ते साधारण पावणेचार हजारांना पडलं होतं. मे २०२३ मध्ये चांदी ग्रॅमला ७२ रुपयांच्या आसपास होती, म्हणजे आत १,२६० रुपयांची चांदी. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिशेबाला सोपा म्हणून ग्रॅमला १६० रुपये भाव धरू. आत तेव्हा २,८०० रुपयांची चांदी. भाव दुपटीहून जास्त झाला, तरी आतली चांदी मी मोजलेल्या पैशांना गाठत नव्हती. तेच पावणेचार हजार सरळ चांदीत असते, तर आठ हजारांच्या वर गेले असते.

सगळ्या ४१ नाण्यांत मिळून चांदी निघाली जवळपास १,१५० ग्रॅम. १ लाख ८४ हजारांची. मी घेत गेलो त्या काळातला सरासरी भाव ६५ रुपये धरला, तर माझ्या ३ लाख ८६ हजारांत सहा किलोच्या आसपास चांदी आली असती. साधी वीट घेतली असती, किंवा जानेवारी २०२२ पासून आलेले सिल्व्हर ईटीएफ घेतले असते, तर तेव्हा साडेनऊ लाख.

एक गोष्ट आणखी. ‘वितळवली तर इतके येतील’ हा हिशेबही सरकारी नाण्यांच्या बाबतीत नुसता कागदावरचा आहे. ७५ रुपये छापलेलं नाणं हे नाणंच असतं आणि २०११ च्या कॉइनेज ॲक्टनुसार नाणं वितळवायला मनाई आहे. म्हणजे आतली चांदी कायद्याने आतच कोंडलेली. ती बाहेर काढायचा एकच मार्ग : तुमच्यासारखाच दुसरा एखादा वेडा शोधणं. बाजार खाली असताना असे वेडे भेटतात. चांदी वर गेली की तेही माझ्यासारखेच विकायला निघालेले असतात.

*

दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून घरी आलो आणि पेटी घेऊन हुपरीला गेलो. इचलकरंजीहून गाडीवर अर्धा तास. हुपरी म्हणजे आमच्याकडचं चांदीचं गाव. घराघरांत पैंजण बनतात. कुठे तार ओढतात, कुठे कड्या जोडतात, कुठे डाख देतात, कुठे घुंगरं लावतात. माझा मामा त्यातलाच. लहानपणापासून मी चांदी बघितली ती अशी : राखाडी, मळकी, पोत्यावर पसरलेली. चमक शेवटच्या दिवशी येते आणि आली की माल लगेच घराबाहेर जातो.

मामांनी पेटी उघडली. रंगीत नाणं हातात घेतलं, प्रमाणपत्र वाचलं. “चारशे बारा म्हंजे काय रं?”

“हजारातला चारशे बारावा नग.”

“मग?”

मला उत्तर देता येईना. त्यांनी सगळी आठ नाणी काट्यावर ठेवली. “ही मी घेतो. घट धरत न्हाई, भाच्याची हायत. बाकीची सरकारी दिसत्यात. ती काय मी मुशीत घालत न्हाई बाबा.”

त्यांनी ती माझ्यासमोरच वितळवली. वरचा रंग आधी काळा झाला, मग धूर, मग काहीच नाही. हजारांपैकी आठवी मूर्ती वगैरे जे काही होतं, ते सगळं दहा मिनिटांत एकाच मुशीत एकसारखं होऊन हलत होतं. “आता त्या नऊशे नव्व्याण्णवांचं भलं झालं बघ,” मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

खरं तर मामांच्या त्या विनोदातच दुर्मीळपणाचा सगळा धडा आहे. नाणं दुर्मीळ होतं ते बाकीची नाहीशी झाल्यावर. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि बरीचशी वितळवली. जी सुटली त्यांच्यामागे आज संग्राहक धावतात. मुंबई टांकसाळीचा १९३९ चा रुपया असाच दुर्मीळ. हे रुपये कुणी ‘जपून ठेवण्यासाठी’ काढले नव्हते. लोकांनी ते वापरले, मोडले, आटवले. माझी नाणी मात्र जपून ठेवण्यासाठीच जन्माला आलेली. ज्याने घेतलं त्याने कॅप्सूलमध्ये ठेवलं, सिलिका जेल टाकलं. पन्नास वर्षांनीही ती सगळीच्या सगळी असतील, सुस्थितीत. जी वस्तू प्रत्येक जण जपतो, ती दुर्मीळ होणार कधी?

*

आजी आत पलंगावर बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. मामांनी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, “पोरगं चांदीची नाणी घेऊन आलंय.”

“माझी आण,” आजी म्हणाली.

मामांनी कपाटातून तिची कापडी पिशवी आणली. आत सतरा बंदे रुपये होते. आजीने एकेक काढून शहाबादी फरशीवर टाकायला सुरुवात केली. रुपया पडला, वाजला, की ती तो उजवीकडे किंवा डावीकडे सारायची. मी बघत राहिलो. तिने दोन ढीग केले. अकरा आणि सहा.

मी उजेडात साल वाचलं. अकराच्या ढिगात सगळे १९४० च्या आधीचे होते. व्हिक्टोरिया राणीचे, एडवर्डचे, पंचम जॉर्जचे. सहाच्या ढिगात सगळे सहाव्या जॉर्जचे, १९४१ ते १९४५ मधले.

“ही खणखणीत,” अकरांवर हात ठेवून ती म्हणाली. “ही बद्द. लढाईतली. सरकारनं चांदी चोरली.”

हे मला शीटमुळे माहीत होतं, तिला कानाने. जुना रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आपला तोळा तो हाच : एक रुपयाभार वजन. त्यात जवळपास ९२ टक्के चांदी असायची. दुसऱ्या महायुद्धात चांदी टिकवायची म्हणून १९४० मध्ये ती निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त.

हा आकडा मी लिहिला आणि थांबलो. ही माझ्या संसदेच्या नाण्याचीच कृती होती. तंतोतंत. १९४० मध्ये टंचाईतला उपाय म्हणून जो मिश्रधातू आला, तोच मी २०२३ मध्ये मखमली पेटीतून विकत घेतला होता.

मी ते घासलेलं नाणं काढलं. बाकी कुठलंही मी काढलं नसतं. पण हे आधीच वाया गेलेलं होतं, म्हणून त्याला हात लावायला आता कुणाची मनाई नव्हती. आजीच्या तळहातावर ठेवलं. तिने ते चाचपलं, अंगठ्याने सगळीकडून फिरवलं, वजन केलं. “केवढं मोठं रं हे.” मग फरशीवर टाकलं.

“बद्द,” ती म्हणाली. “निम्मं.”

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे हे सांगायला हवं की ही परीक्षा शास्त्रीय नाही. आकार वेगळा, जाडी वेगळी, एकाचा आवाज दुसऱ्याशी ताडता येत नाही. कदाचित तिने अंदाजाने सांगितलं असेल. पण तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. ४१ नाणी, चार वर्षं, आणि त्यातलं एकही मी कधी वाजवून बघितलं नव्हतं. ‘नाणं वाजवून घ्यावं’ असं आपण येताजाता म्हणतो.

“तुझी किती होती गं आजी आधी?” मी विचारलं.

“एकवीस.”

“चार कुठं गेली?”

“दोन तुझ्या आईला लग्नात दिली. दोन मोडली.” कशासाठी मोडली हे तिला आठवेना. मामांनाही आठवेना. काहीतरी गरज असेल, ते म्हणाले. मला वाटलं होतं एखादी मोठी गोष्ट निघेल, पण नाही. दोन रुपये लागले तेव्हा मोडले, गरज भागली, विसरून गेले. मला तेव्हा वाटलं, गुंतवणूक म्हणतात ती बहुधा हीच.

*

मामांनी आठ नाण्यांचे साडेएकोणचाळीस हजार दिले. व्यापाऱ्याला मी एकवीस सरकारी नाणी १ लाख २४ हजारांना विकली. एकूण १ लाख साडेत्रेसष्ट हजार. बारा ठेवली.

पप्पांना सांगणं अवघड होतं. मागाच्या शेडमध्ये एवढा आवाज असतो की मोठ्याने बोलावं लागतं, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगवत नव्हती. शेवटी बाहेर कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. किती घातले, किती आले. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला.

“सात हप्ते,” ते म्हणाले. “म्हंजे मेपर्यंत. तवर लागंल नोकरी.”

“तोटा झाला पप्पा.”

“झाला की.” जरा वेळाने म्हणाले, “तुला आवडत होती न्हवं ती नाणी? मग तसं म्हणायचं.”

मला हे कुणी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं. मग लक्षात आलं, मी विचारलंच कधी नव्हतं. ‘गुंतवणूक’ म्हटल्यावर प्रश्न संपतो, म्हणूनच तर तो शब्द मी वापरत होतो.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर माझं म्हणणं एवढंच. चांदीत पैसे गुंतवायचे असतील तर चांदीच घ्या, जिला क्रमांक नाही, पेटी नाही, गोष्ट नाही. भाव जसा चढतो तसा पडतोही, हे धरून घ्या. नाणी आवडत असतील तर नाणीही घ्या. पण ते पैसे खर्च झाले असं समजा, सिनेमाला गेल्यासारखे, ट्रेकला गेल्यासारखे. आणि शीट ठेवणार असाल तर शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याचा भाव भरा. तो माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा.

माझ्या शीटमध्ये आता १२ ओळी उरल्यात. त्यांच्यापुढचा ‘गुंतवणूक’ हा शब्द काढून मी ‘आवड’ लिहिलंय. शेवटचा रकाना डिलीट केला. गंमत म्हणजे त्यानंतर मी ती नाणी जास्त वेळा बाहेर काढून बघतो.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आईने पाट मांडला. लाह्या, बत्तासे, तिचे दोन बंदे रुपये. मी पेटीतून संसदेचं नाणं काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. ती काही बोलली नाही, हातही लावला नाही. दोन वर्षांत त्याची कड पुन्हा काळी पडली होती. तिचं लक्ष तिकडे गेलेलं मला दिसलं.

“घासू का?” तिने विचारलं.

“घास,” मी म्हणालो, आणि दंतमंजनाची डबी आणायला उठलो.